शिकारी रिव्हॉल्व्हरवरील स्कोप : निवड, जोडणी आणि ‘झिरो टिकत नाही’ या तक्रारीचा तपास

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार करणाऱ्यांकडून एक तक्रार पुनःपुन्हा ऐकू येते. स्कोप बसवला, झिरो केला (म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागेल असा जुळवला), पहिल्या दिवशी गोळ्या जागेवर लागल्या आणि पुढच्या खेपेला त्याच गोळ्या चार इंच भलतीकडे गेल्या. मग स्कोप सदोष ठरवून परत पाठवला जातो, बदली स्कोप येतो आणि स्कोप धरून ठेवणाऱ्या त्याच रिंगांमध्ये, त्याच सैल स्क्रूंवर, त्याच काडतुसांसाठी बसवला जातो. तक्रार अर्थातच जशीच्या तशी राहते. स्कोप खरोखर बिघडतात, यात शंका नाही, पण .४४ मॅग्नम, .४५४ कसूल किंवा .४६० स्मिथ अँड वेसनसारख्या काडतुसांच्या बाबतीत स्कोपकडे बोट दाखवण्यापूर्वी काडतूस, स्क्रू, रिंग आणि पकड या चार गोष्टी ठराविक क्रमाने तपासाव्याच लागतात. हा क्रम न पाळल्यास पैसे वाया जातात आणि त्याहून वाईट म्हणजे हंगामात एखादे जनावर जखमी होऊन निसटते.

हा लेख अमेरिकेतील परवानाधारक शिकारीपुरता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे. अमेरिकेतील मराठी वाचकांपैकी जे एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आहेत, त्यांना तिथल्या संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई असून वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. आपण त्या अपवादात बसतो की नाही, याची खात्री वकिलाकडून करून घेतल्याशिवाय खरेदीचा विचारही करू नये. हँडगनने शिकार करण्यासाठी लागणारे काडतूस आणि नळीची किमान लांबी यांचे नियमही प्रत्येक राज्याचे वेगळे असतात.

टप्पा १ : खरेदीपूर्वीची मोजमापे

बहुतेकांची पहिली चूक दुकानात होते, कारण दुकानात स्कोप हातात धरून पाहिला जातो, बंदुकीवर धरून नव्हे. त्याआधी घरी एक मोजमाप करावे. रिव्हॉल्व्हर रिकामे आहे हे सिलिंडर बाहेर काढून, प्रत्येक चेंबर डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून निश्चित करावे; काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग शिकारीत आपण ज्या स्थितीत गोळी झाडणार आहोत, ती स्थिती घ्यावी : काठ्यांच्या टेकूवर, झाडाला टेकून किंवा बसून गुडघ्यांवर कोपरे ठेवून. दुसऱ्या व्यक्तीने बाजूला उभे राहून डोळ्यापासून हॅमरच्या वरच्या जागेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. हात पूर्ण ताणले असता आणि कोपरे वाकवली असता या अंतरात सहज चार-पाच इंचांचा फरक पडतो. दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

याशिवाय काडतूस व गोळीचे वजन, आपण खरोखर ज्या अंतरावर अचूक मारा करू शकतो ते अंतर, आणि बंदुकीवर स्कोप बसवण्याची सोय कशी आहे, याचीही नोंद करावी. रुगर सुपर रेडहॉकच्या फ्रेममध्येच रिंगांसाठी खोबणी असतात. सुपर ब्लॅकहॉक हंटरमध्ये त्या नळीवरील पट्टीत असतात, त्यामुळे स्कोप बराच पुढे जातो. टॉरस रेजिंग हंटरच्या नळीवर पिकाटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची पट्टी असते. थॉम्पसन सेंटर कंटेंडर या एकनळी पिस्तुलाच्या नळीवर स्क्रूने बेस, म्हणजे रिंगांखालची पट्टी, बसवावा लागतो. स्कोप पुढे गेला की डोळ्यापासूनचे अंतर वाढते आणि आधी मोजलेल्या आकड्यात ते मिळवावे लागते.

टप्पा २ : निवड

पहिला निकष आय रिलीफचा, म्हणजे पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा स्कोपपासून जितका दूर ठेवावा लागतो त्या अंतराचा. रायफलच्या स्कोपचे आय रिलीफ साधारण तीन ते चार इंच असते, तर हँडगनसाठी बनवलेल्या स्कोपचे बारा इंचांच्या पुढे, अनेकदा अठरा इंचांच्या आसपास असते. त्यामुळे हँडगनसाठी बनवलेलाच स्कोप घ्यावा.

सावधान : रायफलचा स्कोप रिव्हॉल्व्हरवर बसवून कोपरे वाकवून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये. इतक्या जवळ आणलेल्या बंदुकीचा मागचा धक्का स्कोपची कड थेट भुवईत किंवा डोळ्यात घालतो. स्काउट प्रकारच्या स्कोपचे आय रिलीफही ताणलेल्या हातांसाठी बहुधा अपुरे पडते.

दुसरा निकष वजनाचा आहे आणि तो समजून घेण्याची खरी गरज आहे. चार पौंडांच्या आसपास वजन असलेल्या, स्कोप बसवलेल्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमधून २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १४०० फूट वेगाने सुटली, तर बंदूक मागे येण्याचा वेग हिशेबाने सेकंदाला पंधरा फुटांच्या घरात जातो. आठ पौंडांच्या .३०-०६ रायफलचा हाच वेग बारा-तेरा फूट भरतो. शिवाय रिव्हॉल्व्हरची नळी आखूड असल्यामुळे हा वेग कमी वेळात येतो, म्हणजेच प्रवेग रायफलपेक्षा बराच जास्त असतो. स्क्रू आणि रिंगांवर पडणारा ताण म्हणजे स्कोपचे वजन गुणिले हा प्रवेग. तेरा औंसांचा स्कोप सहा औंसांच्या स्कोपपेक्षा त्याच स्क्रूंवर दुपटीहून जास्त ताण टाकतो, मग तो कितीही भारी किमतीचा असो. म्हणून .४५४ आणि त्याहून मोठ्या काडतुसांसाठी दोन किंवा चार पट मोठेपणाचा, न बदलणाऱ्या शक्तीचा हलका स्कोप हाच माझा पहिला सल्ला राहील.

बदलत्या शक्तीचा, उदाहरणार्थ २-७ पट क्षमतेचा स्कोप कंटेंडरसारख्या एकनळी पिस्तुलासाठी योग्य ठरतो, कारण तिथे अंतर जास्त असते आणि बहुधा भक्कम टेकू मिळतो. मात्र शक्ती वाढवली की डोळा ठेवण्याची जागा फार अरुंद होते. डोके जरा हलले की चित्र काळे पडते. झाडीत चालत असताना स्कोप नेहमी सर्वांत कमी शक्तीवर ठेवावा.

पॅरॅलॅक्स (डोके हलले की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे) कोणत्या अंतरासाठी जुळवलेला आहे, हे माहितीपत्रकात पाहावे. शक्यतो पन्नास ते शंभर यार्डांसाठी जुळवलेला असावा. आपल्या काडतुसाचे नाव लिहून ‘हा स्कोप या काडतुसासाठी चालेल का आणि वॉरंटी लागू राहील का’ असे कंपनीला ई-मेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. माहितीपत्रकात स्कोप ‘धक्का सहन करणारा’ आहे असे म्हटले असले, तरी त्यावरून कोणत्या काडतुसाचा धक्का, हे कळत नाही.

ज्यांचा मारा साठ-सत्तर यार्डांच्या आत आहे, त्यांनी रेड डॉटचाही (नेमासाठी फक्त लाल ठिपका दाखवणाऱ्या साधनाचाही) विचार जरूर करावा. तो हलका असतो आणि आय रिलीफचा प्रश्नच येत नाही. फक्त ठिपका फार मोठा नसावा. चार एमओएचा (एमओए हे कोनाचे माप आहे) ठिपका शंभर यार्डांवर सुमारे चार इंच जागा झाकतो.

टप्पा ३ : बेस, रिंग आणि जोडणी

या टप्प्याला एक निवांत संध्याकाळ द्यावी. टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवणारा स्क्रू ड्रायव्हर, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारी बिट, स्क्रूवरचे तेल काढण्यासाठी डिग्रीझर, निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) आणि गडद रंगाची नेलपॉलिश एवढे साहित्य लागते.

१. बेसचे जुने स्क्रू काढून छिद्रे आणि स्क्रू दोन्ही डिग्रीझरने स्वच्छ करावेत. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर धरत नाही, आणि कारखान्यातून आलेल्या नव्या स्क्रूंवरही तेल असतेच.

२. बेस नुसता ठेवून तो डुगडुगतो का, हे पाहावे. डुगडुगत असेल तर स्क्रू आवळून तो सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. तो बेस त्या बंदुकीचा नाही, किंवा खाली कचरा आहे. प्रत्येक स्क्रू एकेकटा लावून पाहावा. लांब स्क्रू आत कशाला तरी टेकला, तर हाताला घट्ट लागतो आणि बेस मात्र सैलच राहतो.

३. प्रत्येक स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावून बेस कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ सुकू द्यावा. लाल थ्रेडलॉकर वापरू नये. पुढे काढताना उष्णता द्यावी लागते किंवा स्क्रूचे डोके तुटते.

४. रिंगांचा आडवा बोल्ट बेसच्या खाचेत बसवल्यावर रिंग नळीच्या तोंडाच्या दिशेने पुढे दाबून धरावी आणि मगच आवळावी. गोळी सुटताना बंदूक मागे येते आणि स्कोप जडत्वामुळे जागेवरच राहू पाहतो. बंदुकीच्या तुलनेत तो पुढे सरकतो. बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेला असेल, तर सरकायला जागा उरत नाही. ही साधी गोष्ट सर्वाधिक जणांकडून राहून जाते.

५. दोन रिंगांवर भागत असेल तर उत्तमच, पण .४५४ च्या पुढे तीन रिंगांची सोय असल्यास ती घ्यावी. रिंगांच्या आतली बाजू आणि स्कोपची नळी कोरडी, तेलविरहित असावी. काही जुने नेमबाज रिंगेच्या आत राळेची बारीक पूड चोळतात. त्याने पकड वाढते, तरीही टॉर्क कमी करू नये.

६. स्कोप रिंगांमध्ये सैल ठेवून टप्पा १ मधल्या स्थितीत बसावे, डोळे मिटावेत, बंदूक सवयीने वर आणावी आणि मग डोळे उघडावेत. चित्र पूर्ण आणि काठापर्यंत उजळ दिसेल, अशा जागी स्कोप मागे-पुढे सरकवावा. कोपरे वाकवूनही चित्र दिसले पाहिजे.

७. क्रॉसहेअर (स्कोपमधल्या नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) सरळ करून रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत, जेणेकरून दोन्ही बाजूंची फट सारखी राहील. बहुतेक कंपन्या रिंगांसाठी १५ ते २० इंच-पौंड टॉर्क सांगतात. आपल्या रिंगांच्या कागदावरचा आकडाच पाळावा. जास्त आवळल्यास स्कोपची नळी दबते आणि आतला भाग अडकतो. मग जो दोष दिसतो, तो आपण स्वतः निर्माण केलेला असतो.

८. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर, आणि रिंगेच्या पुढच्या कडेवरून स्कोपच्या नळीवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. पुढचा सगळा तपास या रेघांवर अवलंबून आहे.

तपासणी : रिकाम्या बंदुकीचा हॅमर मागे ओढून पाहावा. अंगठा स्कोपच्या मागच्या टोकाला अडत असेल तर हॅमरला बाजूची जोड बसवून घ्यावी. अर्धवट ओढलेला हॅमर अंगठ्याखालून निसटणे हा गंभीर धोका आहे.

टप्पा ४ : झिरो

बाकावर बसताना रिव्हॉल्व्हरची नळी टेकूवर ठेवू नये. फ्रेमचा ट्रिगर गार्डपुढचा भाग मऊ टेकूवर यावा आणि पकड मैदानात असते तशीच असावी. गोळी नळीत असतानाच बंदूक उचलली जाऊ लागते. त्यामुळे आज सैल, उद्या घट्ट धरली तर गोळ्या खाली-वर जाणारच.

सावधान : सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना सुटतात. .४६० आणि .५०० मध्ये त्यांचा मारा बोटाला गंभीर इजा करण्याइतका असतो. दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोटे या फटीजवळ कधीही येऊ देऊ नयेत; वाळूची पिशवीही तिथे नसावी. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे व त्यावर मफ, असे दुहेरी संरक्षण घ्यावे. नळीच्या तोंडावर ब्रेक (वायू बाजूला सोडून धक्का कमी करणारा भाग) असेल तर शेजाऱ्यालाही सूचना द्यावी.

सुरुवात पंचवीस यार्डांवर करावी. टरेटच्या (क्रॉसहेअर सरकवणाऱ्या स्कोपवरच्या चकतीच्या) पाव एमओएच्या एका क्लिकने पंचवीस यार्डांवर गोळी सुमारे एक सोळांश इंच सरकते, म्हणून एक इंचासाठी सोळा क्लिक लागतात. पन्नास यार्डांवर आठ आणि शंभरावर चार. हा हिशेब लक्षात न घेता पंचवीस यार्डांवर चार क्लिक फिरवून ‘स्कोप ऐकत नाही’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तीन गोळ्या झाडाव्यात, मध्य काढावा, बदल करावा, पुन्हा तीन झाडाव्यात. एकेका गोळीमागे टरेट फिरवू नये. अंतिम झिरो पन्नास यार्डांवर करून शंभरावर पडताळावा.

तपासणी : टरेट एका टोकापर्यंत फिरवूनही झिरो येत नसेल तर तिथेच थांबावे. टोकाला आतल्या स्प्रिंगचा दाब कमी उरतो आणि क्रॉसहेअर प्रत्येक धक्क्यानिशी हलू लागते. दोष बेसच्या सरळपणात किंवा रिंगांमध्ये आहे. टरेट मध्यावर आणून टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करावी.

टप्पा ५ : झिरो टिकत नसल्यास तपासाचा क्रम

इथे एकच नियम आहे : एका वेळी एकच बदल. स्कोप, रिंग आणि काडतूस एकदम बदलणाऱ्याला दोष गेला तरी तो कशाचा होता हे कळत नाही, आणि म्हणून तो पुन्हा येतो.

१. रेघा पाहाव्यात. स्क्रूवरची रेघ तुटली असेल तर तो स्क्रू फिरला आहे. स्कोपच्या नळीवरची रेघ रिंगेच्या कडेपासून पुढे गेली असेल आणि रिंगेच्या लगेच पुढे नळीचा काळा रंग घासून चकाकणारी चंद्रकोर उमटली असेल, तर स्कोप पुढे सरकत आहे. हे सरकणे केसाच्या जाडीइतकेही असू शकते, म्हणून भिंगाने पाहावे. स्कोप नव्हे, रिंगांची पकड सदोष आहे.

२. बेस तपासावा. रेघा शाबूत असल्या तरी स्कोप काढून बेसचा प्रत्येक स्क्रू टॉर्कने तपासावा. रिंगांखाली झाकलेला बेसचा स्क्रू सैल होणे हे फार सामान्य कारण आहे. एखादा स्क्रू हलकेच फिरून निघाला तर तो आतून तुटलेला असू शकतो.

३. काडतुसे मोजावीत. जोरदार धक्क्याने सिलिंडरमधल्या न झाडलेल्या काडतुसांची गोळी केसमधून (काडतुसाच्या नळकांड्यातून) पुढे सरकते. पाच गोळ्यांच्या सिलिंडरमध्ये एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून त्यावर मार्करने खूण करावी, ते शेवटच्या क्रमाला ठेवावे, आधीची चार झाडावीत आणि ते काढून पुन्हा मोजावे. लांबी वाढली असेल तर घरी भरलेल्या काडतुसांचा क्रिंप (नळकांड्याच्या तोंडाने गोळीला दिलेली आवळ) अपुरा आहे. अशी गोळी फार पुढे आली तर सिलिंडर अडकतो. त्याआधीच तिचा वेग बदलून उंचीत फरक पडतो, आणि दोष नाहक स्कोपवर जातो.

४. चेंबर वेगळे करावेत. चेंबरांना क्रमांक देऊन कोणती गोळी कोणत्या चेंबरमधून गेली, याची नोंद लक्ष्याच्या कागदावर करावी. भरकटणारी गोळी नेहमी एकाच चेंबरमधून येत असेल तर बंदूक गनस्मिथकडे न्यावी. स्कोपचा त्यात काहीही भाग नाही.

५. स्वतःची पकड पडताळावी. त्याच बंदुकीने दुसऱ्या अनुभवी नेमबाजाला गोळ्यांचे दोन गट झाडू द्यावेत. त्याचा गट घट्ट असेल पण वेगळ्या जागी असेल, तर तो पकडीतला फरक आहे. दोघांचेही गट पसरत असतील तर पुढे जावे. ट्रिगर दाबण्याआधी डोळे मिटणे आणि मनगट खाली झटकणे, हे दोष या काडतुसांनी कोणालाही लागतात. मित्राने आपल्याला न सांगता मध्येच एखादे चेंबर रिकामे ठेवले की नळी खाली बुचकळते की नाही, हे लगेच दिसते.

६. आता स्कोप. बंदूक भक्कम टेकूवर ठेवून, डोके किंचित डावी-उजवीकडे हलवून क्रॉसहेअर लक्ष्यावर किती सरकते, हे पाहावे. जवळच्या अंतरावर थोडे सरकणे हा पॅरॅलॅक्स असून तो दोष नव्हे. डोळा मध्यावर ठेवणे हाच त्यावर उपाय. मग कोलिमेटर (गोळी न झाडता नेम पडताळण्यासाठी बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी लावायचे खुणांचे उपकरण) लावून क्रॉसहेअरची जागा टिपून घ्यावी आणि प्रत्येक टरेट वीस क्लिक एका बाजूला व वीस क्लिक परत फिरवावे. क्रॉसहेअर मूळ जागी यायला हवे. येत नसेल, किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या रबरी मुठीने टरेट हलके ठोकल्यावरच येत असेल, तर आतली स्प्रिंग कमजोर झाली आहे. लक्ष्यावर हाच दोष असा दिसतो : क्लिक फिरवल्यावर पहिल्या एक-दोन गोळ्या जुन्याच जागी जातात आणि मग एकदम उडी मारून नव्या जागी.

७. अदलाबदल. वरील सगळे तपासूनही शंका उरली, तर भरवशाचा दुसरा हँडगन स्कोप त्याच रिंगांत, त्याच काडतुसांसाठी बसवून दहा-पंधरा गोळ्या झाडाव्यात. दोष गेला तर स्कोप सदोष होता, याची आता खात्री झाली. दोष राहिला तर पुन्हा क्रमांक एकवर यावे.

आत धुके दिसणे, क्रॉसहेअर तिरके झालेले असणे किंवा हलवल्यावर आत खुळखुळणे, ही लक्षणे मात्र या यादीत कुठेही दिसली तरी तिथेच स्कोप काढून ठेवावा. उघडून पाहू नये. आतला कोरडा वायू निघून जातो आणि वॉरंटीही जाते.

टप्पा ६ : दुरुस्तीला पाठवताना

रिंग काढून, फक्त स्कोप पाठवावा. सोबतच्या चिठ्ठीत बंदूक, काडतूस, गोळीचे वजन, झाडलेल्या गोळ्यांचा अंदाज, रिंगांचा टॉर्क आणि वरीलपैकी कोणत्या तपासणीत काय दिसले, हे क्रमवार लिहावे. ‘झिरो टिकत नाही’ एवढेच लिहिलेला स्कोप कार्यशाळेत तपासला जातो, तिथल्या चाचणीत पास होतो आणि जसाच्या तसा परत येतो. ‘वर वीस क्लिक नेऊन परत आणल्यावर क्रॉसहेअर कोलिमेटरवर तीन क्लिक वर राहते’ असे लिहिले की तंत्रज्ञाला नेमके काय शोधायचे ते कळते. स्कोप परत आल्यावर टप्पा ३ मधील जोडणी नव्या थ्रेडलॉकरने आणि नव्या रेघांनी करावी, कोलिमेटरची तीच चाचणी पुन्हा करावी, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी शिकारीत वापरणार त्याच काडतुसांच्या किमान दोन पेट्या झाडून झिरो जागेवर राहिला आहे, याची खात्री करून घ्यावी.